एक्केचाळीसच्या नाक्यावरची नासपती

करकोचा एका पायावर उभा आहे, असं एगबर्टनं सांगितलं आणि यांटिनचे पाय पेडलवर क्षणभर थबकले. जोडसायकलीवर मागच्यानं पाय आखडला की पुढच्याला ते मांडीत कळतं. "दमलात का?" त्यानं मान न वळवता विचारलं. "नाही. कुठे म्हणालात करकोचा?" "डावीकडे. उंच खांबावर घरटं आहे ना, त्यात. मागे नुसतं आभाळ. फार देखणं दिसतंय, तुम्ही बघाय—" आणि तो थांबला. डोळस माणसांचं हे वाक्य अर्धं बाहेर येतं आणि अर्धं परत गिळलं जातं, याची यांटिनला तीस वर्षांची सवय होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला अडवलं ते करकोच्यानं. डावीकडचा तो खांब जानेवारीच्या वादळात पडला होता. तिनं तो पडलेला पाहिला नव्हता, उभा असतानाही पाहिला नव्हता, पण वेर्सेलोच्या नगरपालिकेत तक्रारींचे फोन तीच घेते आणि त्या सोमवारी खांबाबद्दल चार फोन आले होते. एक बाई रडल्या होत्या. खांब आपल्या बिटांवर पडलाय, तो उचलायचा कुणी, असं एका शेतकऱ्यानं विचारलं होतं. करकोचे एप्रिलात परत येतील तेव्हा त्यांना कोण सांगणार, असा प्रश्न तिसऱ्यानं टाकला होता आणि यांटिननं तोही नियमाप्रमाणे नोंदवून घेतला होता. नवा खांब अजून उभा राहिलेला नव्हता. शिवाय सप्टेंबर लागलेला. या दिवसांत करकोचा एका पायावर उभा असलाच तर तो आफ्रिकेत कुठेतरी उभा होता.

म्हणजे पुढचा माणूस थापा मारत होता. तिनं पाय पुन्हा चालू ठेवले. ऊन पाठीवर होतं, वारा उजव्या कानात, टायरखाली विटांचा रस्ता संपून बारीक खडी लागली होती, आणि या तीन गोष्टी खऱ्या होत्या. बाकी सगळं पुढच्या पाठीतून येत होतं, खणखणीत, नीट उच्चारलेल्या आवाजात. तीस वर्षं शहरात घरं विकण्याचा धंदा केलेला हा माणूस निवृत्त होऊन वेर्सेलोला राहायला आला होता आणि महिन्याभरात अंधांच्या जोडसायकल क्लबात येऊन म्हणाला होता, मला पुढे बसायला आवडेल. आजची फेरी चाचणीची. संध्याकाळी क्लबचा तेउनिस फोन करून दोनच शब्द विचारेल, "चालेल का?" आणि मागच्यानं हो किंवा नाही म्हणायचं, कारण द्यायचं नाही, अशी रीत. नाही म्हटलं तर यांटिनचा मोसम संपला, कारण मागे बसणारे अकरा आणि पुढे बसणारे सहा, आणि ते सहाही वाटले गेलेले. मग शनिवारी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं आणि खालून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या साखळ्या ऐकायच्या. हो म्हटलं तर? मागच्या हँडलला ब्रेक नसतो. ते वळतही नाही. ते नुसतं धरायला असतं. पुढचा म्हणतो खड्डा, की आपण बूड उचलायचं. पुढचा म्हणतो सरळ रस्ता आहे, तर तो सरळ असायला हवा, कारण इथे रस्ता नसतो तिथे पाण्याचा चर असतो. नसलेला करकोचा दाखवणारा माणूस असलेला चर—

१२

"बारा," एगबर्ट ओरडला, "बारा नंबर आला. आता अठ्ठावन्न." या भागात सायकलीच्या वाटा नाक्यानाक्यानं जातात. दोन वाटा भेटतात तिथे खांब, खांबावर हिरवा आकडा. घरून निघताना आकडे कागदावर उतरवून हँडलला चिकटवायचे की झालं. आकडे ओळीनं नसतात. सदतीसच्या शेजारी बारा, बाराच्या शेजारी अठ्ठावन्न, तिथून एक्केचाळीस, नऊ, चौसष्ट, पुन्हा सदतीस. ही तिची फेरी, अकरा वर्षांची, एकोणतीस किलोमीटरांची, आणि तिला ती तोंडपाठ होती जशी इतरांना चर्चमधली प्रार्थना पाठ असते, अर्थाकडे न बघता. बाराला मेंढ्यांचा वास यायचा. अठ्ठावन्नच्या आधी झाडं दोन्हीकडून जवळ यायची आणि गालावरचं ऊन तुकड्यातुकड्यांनी पडायचं, उजेड-सावली-उजेड, तिथे आरेंदिना आवाज खाली आणून सांगायची की आज कोल्हा दिसतोय का बघते. आरेंदिना तिची अकरा वर्षांची पुढची. गुडघा बदलल्यावर मे महिन्यात मुलीजवळ ग्रोनिंगनला राहायला गेली. तिच्या पाठीला लोकरीचा आणि ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्यांचा वास यायचा. ती थोडंच बोलायची, पण बोलायची ते... आणि इथे यांटिनचा विचार अडला. कशापाशी, हे कळायलाही तिला शंभरेक पेडल मारावे लागले. करकोच्याची थाप तिनं पकडली कारण खांबाची तक्रार तिच्या टेबलावर आली होती. ज्यांची तक्रार कुणीच कधी केली नाही त्या गोष्टींचं काय? कोल्ह्याची? सुखी गोष्टींबद्दल नगरपालिकेला फोन येत नाहीत. अकरा वर्षांचा हा सगळा मुलूख, तिच्या डोक्यात ऊनपावसासकट वसलेला, एका माणसाच्या शब्दावर उभा होता, आणि त्या माणसाला तिनं एकदाही विचारलं नव्हतं, खरं ना गं?

५८

"अठ्ठावन्न. आणि आता समोर जे उघडतंय ना, वा, काय सांगू, हिरवळ, हिरवळीवर पांढरेशुभ्र घोडे, पाच, नाही, सहा." "मका नाही का?" यांटिन म्हणाली. पानं खडखडत होती दोन्ही बाजूंनी, वाळत आलेली, उंच. "मकाही आहे थोडा," एगबर्ट म्हणाला, "घोड्यांच्या पलीकडे."

तिला हसू आलं आणि ते तिनं वाऱ्यात सोडून दिलं. पण हसण्याखाली ती मोजत होती. एक्केचाळीस अजून साडेतीन किलोमीटर. एक्केचाळीसला बाक आहे, बाकाच्या मागे एका शेतावरच्या बाईनं ठेवलेलं थंड कपाट, त्यातून ताक घ्यायचं आणि डब्यात नाणं टाकायचं. आणि बाकासमोर, चरापलीकडे, पांढरं घर, खिडक्यांच्या निळ्या झडपांचं, आणि त्याच्या दक्षिणेच्या भिंतीवर नासपती. साधं झाड नव्हे. भिंतीला तारांनी बांधून सपाट पसरवलेलं, हात पसरून उन्हात उभ्या राहिलेल्या माणसासारखं. अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच फेरीत यांटिन बाकावर बसली होती, ताक पीत होती, फारशी आनंदात नव्हती, आणि नुसतं विचारायचं म्हणून तिनं विचारलं होतं, समोर काय आहे? आरेंदिना जरा थांबली होती. मग म्हणाली होती, नासपती आहे. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीत तिथे झाडाची खबर. एप्रिलात, फुलली. जूनमध्ये, धरलीत, अंगठ्याएवढी. एकदा विचारलं, किती आहेत? तर बाकाची फळी करकरली, आरेंदिना पुढे झुकली असणार, आणि म्हणाली, सतरा, एक पानाआड आहे, कदाचित अठरा. तीन वर्षांपूर्वी एप्रिलअखेर उशिराचं दहिवर पडलं तेव्हा न विचारता म्हणाली, यंदा फुलं जळाली गं, आणि दोघी त्या दिवशी लवकर उठल्या होत्या. यांटिनची आई गेली त्या हिवाळ्यात मालकानं बुंध्याला गोणपाट गुंडाळलं होतं. चरापलीकडचं परक्याचं अंगण, बोलावल्याशिवाय कोण जाणार, म्हणून हात लावून बघायचा प्रश्न कधी आला नाही. वास मात्र यायचा. नासपतीच्या फुलांना किंचित मासळीसारखा वास असतो असं तिनं कुठेतरी वाचलं होतं आणि एप्रिलात खरंच तसा वास यायचा. मधमाश्याही होत्या मालकाच्या. त्यांचा घुं-घुं आवाज बारा महिने—

बारा महिने? यांटिनला हे आत्ता, या क्षणी, मक्याच्या दोन भिंतींमधून जाताना पहिल्यांदा ऐकू आलं. मधमाश्या जानेवारीत?

४१

"एक्केचाळीस! थांबूया ना?" ब्रेक लागले, त्याचा पाय खाली टेकला, मग तिचा. घुं-घुं होती. समोर, चरापलीकडे, एका सुरात. "समोर तळं आहे," एगबर्टनं सुरुवात केली, "तळ्यात शिडाची—" "पांढरं घर दिसतंय का?" यांटिननं त्याला मध्येच तोडलं. तिचा आवाज तिच्या मनाविरुद्ध चढला होता. "पांढरं घर? हो, दिसतंय ना. सुरेख आहे." "निळ्या झडपा?" "निळ्या. अगदी निळ्या." "आणि झाड?" "झाड तर काय विचारता, डेरेदार, सगळ्या अंगणावर सावली." तिनं सुस्कारा सोडला. या माणसाला काहीही विचारलं तरी तो हो म्हणणार. विकणाऱ्याला घरात ऊन येतं का विचारावं तसं झालं होतं. ती उतरली, एक हात बाकाच्या पाठीवर ठेवत ठेवत मागच्या कपाटापर्यंत गेली, दार उघडलं, गार हवा मनगटांवर आली, दोन बाटल्या काढल्या, नाणं टाकलं. तिची पांढरी काठी सायकलीच्या पिशवीत होती, पण कपाट पाच पावलांवर, काठी कशाला लागते. मागून एगबर्टचं बोलणं चालूच होतं, आता हंस आले होते. मग पेडलचा खट्ट आवाज, खडी चिरडल्याचा, साखळीचा. "निघूया ना? आणि आता उजव्या हाताला बघा, म्हणजे, उजव्या हाताला एक पवनचक्की—" आणि आवाज चालू लागला. उजवीकडे, मग आणखी उजवीकडे, बारीक होत, पवनचक्कीची पाती मोजत. यांटिन दोन बाटल्या घेऊन उभी राहिली. तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या मन लावून बोलणाऱ्या माणसाला मध्ये थांबवणं तिच्या जिवावर आलं. पुढं काय होणार हे तिला ठाऊक होतं. मागचा विसरून निघून जायचं, हे प्रत्येक नव्या पुढच्याच्या हातून एकदा होतंच. ज्याच्या हातून होईल त्यानं मोसमाच्या शेवटच्या बैठकीला केक आणायचा. आरेंदिनानं अकरा वर्षांत एकदाही केक आणला नव्हता.

तर ती उभी होती. काठी नाही, सायकल नाही, पुढचा नाही. फजिती अशी काही वाटत नव्हती. ऊन छान होतं, पायाखाली जमीन होती, एक ताक तिनं उघडून प्यायलाही घेतलं. मात्र असं या बाकाजवळ ती कधीच एकटी उभी राहिली नव्हती. कुणी काही सांगत नसताना ही जागा कशी असते ते पहिल्यांदाच. घुं-घुं. चरातलं पाणी कुठेतरी खेचलं जात होतं, घोट घेतल्यासारखं. मासळीचा वास, सप्टेंबरातही. आपण बावळट आहोत का, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डावीकडून सायकल आली, जड, सामान लादलेली, आणि थांबली. "काय गं बाई, रस्ता चुकलीस?" बाईमाणूस, साठीच्या पुढचं, दुधाचा वास. "रस्ता नाही, माणूस चुकला," यांटिन म्हणाली. "जोडसायकल आहे आमची. पुढचा अर्धा भाग गेला." "गेला म्हणजे?" "बोलत बोलत गेला. मी नाही हे त्याच्या ध्यानात नाही आलं." बाई असं हसली की तिच्या बाटल्या खणखणल्या. "माझ्या नवऱ्याचं चाळीस वर्षं असंच आहे, आणि आमची सायकलही जोडीची नाही. बस, बस. मी एव्हर्दिन. कपाट माझंच, ताक भरायला आले. येईल तो परत?" "येईल. नऊच्या नाक्याला थांबून ताक मागेल तेव्हा कळेल त्याला." यांटिन बसली नाही. बाटलीच्या झाकणावर तिचं बोट फिरत राहिलं. विचारलं नाही तर झाड राहील. हे तिला अगदी स्पष्ट दिसलं, तिला जे काही दिसतं त्या अर्थानं. विचारलं नाही तर घरी जाऊन आपण पुन्हा फोन घ्यायला लागू, एप्रिल येईल, कुणीतरी सांगेल किंवा सांगणार नाही, झाड आहे तिथे राहील. "एक विचारू? समोर काय आहे?" "समोर? पंपघर." "आणि पांढरं घर?" "कसलं पांढरं घर? पंपघर आहे विटांचं. चराचं पाणी उपसतात. वास येतो ना त्याचा?" "आणि भिंतीवर नासपती?" "इथे?" एव्हर्दिन म्हणाली. "या शिवारात लग्न होऊन आले त्याला बेचाळीस वर्षं झाली. पंपघर आहे, त्याला 'आत येऊ नये' अशी पाटी आहे आणि पाटीवर पक्ष्यांनी केलेली घाण आहे. नासपती कोण लावणार तिथे?" "पूर्वी कधी?" "कधीच नाही गं. कुणी सांगितलं तुला?"

यांटिन बसली. पाण्याच्या तक्रारी वेगळ्या कचेरीत जातात, हे तिला उगाचच आठवलं. त्या तिच्याकडे आल्या असत्या तर पंपघर तिला दहा वर्षांपूर्वीच कळलं असतं. मग राग आला, चांगला भरभरून, आणि तो एकेक वस्तू उचलून फेकू लागला. निळ्या झडपा गेल्या. मधमाश्या गेल्या. कोल्हा गेलाच. आरेंदिना लाल केसांची होती म्हणे, तेही गेलं. कोण जाणे, टक्कल असेल. सतरा नासपती, एक पानाआड. पानाआड! नसलेल्या झाडाच्या नसलेल्या पानाच्या मागे नसलेलं फळ, आणि ते दिसत नाही म्हणून सांगायचं, इतका निगरगट्टपणा! कदाचित अठरा! आणि या 'कदाचित'पाशी राग अडखळला. थापाड्या माणसाला कदाचित लागत नाही. एगबर्ट सहा घोडे म्हणतो, सहा म्हणजे सहा, आणि पुढच्या वळणावर ते मरतात, कुणी पुरायलाही जात नाही. दहिवर पडलं त्या वर्षी आरेंदिनाला काय नडलं होतं? फुलली म्हणाली असती तर यांटिननं तेही मानलं असतं. पण तिनं घरी बसून कधीतरी ठरवलं असणार की काल रात्री पारा उतरला, म्हणजे नासपतीची फुलं गेली, आणि ती वाईट बातमी तिनं एक्केचाळीसपर्यंत वाहून आणली होती. पंधरा दिवसांनी एक फेरी. फुलं आधी, पानं मग. जूनमध्ये गळ होते ती गळ. ऑगस्टमध्ये गांधीलमाश्या. फेब्रुवारीत छाटणी, आणि एकदा मालकानं फार छाटली म्हणून वैताग. कधी चूक नाही, मागच्या खेपेशी विसंगत एक शब्द नाही, अकरा वर्षं. इतकं तर लोक खऱ्या झाडाचं करत नाहीत. पंपघर, असं म्हणणार होती ती त्या पहिल्या दिवशी, तोंडात आलेलं होतं, आणि मग बाकावर कशीबशी बसलेल्या एका परक्या बाईकडे बघून तिनं ते गिळलं होतं. पुढच्या खेपेला सोडून देता आलं असतं. तिनं पाणी घातलं. "रडतेस का हसतेस?" एव्हर्दिननं विचारलं. "मलाही बघावं लागेल," यांटिन म्हणाली.

खडी वाजली. खूप वेगात, वेडीवाकडी, एकट्यानं चालवलेली जोडसायकल मागून झोके खाते तशी. "यांटिन! यांटिन, देवा, मी, अहो मी पार नऊपर्यंत..." त्याचा श्वास शिट्टीसारखा होता. "समोरून एक कुटुंब आलं. लहान मुलगी म्हणाली, आजोबा, तुम्ही कुणाशी बोलताय?" "केक," यांटिन म्हणाली. "काय?" "मोसमाच्या शेवटी केक आणायचा. तेउनिस सांगेल. ताक घे." तिनं त्याला अरे-तुरे केलं आणि तिच्या ते केल्यावर लक्षात आलं. एव्हर्दिन कपाटात बाटल्या मांडत होती, मुद्दाम हळूहळू, एक शब्द सुटू नये म्हणून. एगबर्ट घटाघट ताक प्याला. "किती वेळ बोललो असेन मी, मागे कुणी नसताना," तो म्हणाला, "पवनचक्की, मग एक किल्लाही सांगितला." "करकोच्याचा खांब जानेवारीत पडला, एगबर्ट." पंपाची घुं-घुं. "मका होता," शेवटी तो म्हणाला. खणखणीत आवाज कुठेतरी मागे पडला होता, त्याच्या आत एक साधा, जरा घोगरा आवाज निघाला. "बाराच्या आधीपासून नुसता मका आहे. मला वाटलं, ही बिचारी एवढी लांब येते आणि हिला काय, मका? मी तीस वर्षं घरं विकली. समोर भिंत असली तर मी निवांत परिसर असं लिहायचो." "बिचारी कोण?" यांटिननं विचारलं. एव्हर्दिननं कपाटात तोंड घातलं. "नाही, म्हणजे..." "हे बघ. करकोचा उभा केलास तर पंधरा दिवसांनी मी विचारणार, कसा आहे. एप्रिलात विचारणार, अंडी किती. पिल्लं उडाली का. एखादं घरट्यातून पडलं का. दहा वर्षं सांभाळशील?" त्यानं प्रामाणिकपणे विचार केला, तेवढा वेळ गेला. "नाही जमायचं," तो म्हणाला. "मग मका सांग."

"चरात पाडू नकोस हिला," एव्हर्दिन निरोपादाखल म्हणाली, आणि ते निघाले. या खेपेला निघताना त्यानं तीनदा विचारलं, बसलीस का. आणि मग बराच वेळ तो बोलेचना. तिला वाटलं, रुसला. मग म्हणाला, "मका." थोड्या वेळानं, "डावीकडचा उजवीकडच्यापेक्षा उंच आहे." मग, "इथे मध्ये एक लांब पट्टा मोकळा राहिलाय, पेरताना यंत्र चुकलेलं दिसतंय. पट्ट्यात कुणीतरी खुर्ची ठेवलीय. प्लास्टिकची. पाठ आपल्याकडे." "कोण बसलंय?" "कोणी नाही." यांटिनच्या मानेवरचे केस उन्हात उभे राहिले. मक्याच्या आत, यंत्र चुकलं तिथे, रस्त्याकडे पाठ करून एक खुर्ची. हे कुणी रचू शकलं नसतं. "रंग?" "हिरवा होता असं वाटतं. आता, कसा सांगू, धुतल्यासारखा."

९

"नऊ. इथे मी मघाशी वळलो. टायरचा वळसा उमटलाय, मोठा, वेड्यासारखा." ती मोठ्यानं हसली. पुढची पाठही हलली. हँडलमधून ते तिच्या तळव्यांत आलं.

साडेपाचला तेउनिसचा फोन. "चालेल का?" "चालेल." "बरं. ओरडला नाही ना फार? मोठ्यानं बोलतो जरा." "केक कसला आणायचा ते त्याला कळव," यांटिन म्हणाली. तेउनिस इतका खूश झाला की त्यानं रीत मोडून सगळं ऐकून घेतलं. मग तिनं चहा केला, बाल्कनीचं दार उघडं ठेवलं, आणि ग्रोनिंगनचा नंबर फिरवला. हातात चहाचा कप होता आणि काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. आरेंदिना गुडघ्याबद्दल बोलली, मुलीच्या घरातल्या जिन्याबद्दल बोलली, नव्या पुढच्याबद्दल ऐकून घेऊन हूं म्हणाली. मग थोडं थांबून, अगदी सहज, इतकं सहज की त्याच्यामागचा मे महिन्यापासून धरलेला दम यांटिनला ऐकू आला, तिनं विचारलं, "आणि आपली नासपती? बघितली का त्यानं?"

यांटिननं कप खाली ठेवला. चार महिने कुणी विचारलं नव्हतं. जूनमधली गळ होऊन गेली असेल, ऑगस्टातल्या गांधीलमाश्या येऊन गेल्या असतील. "त्याला नाही कळत त्यातलं," ती म्हणाली. "मी होते ना. यंदा भरलीय गं. खालच्या दोन फांद्या इतक्या वाकल्यात की मालकानं टेकू दिलेत."

पलीकडे आरेंदिनाचा श्वास, लांब, आत घेतलेला. आणि मग कडक, काळजीच्या सुरात, "टेकू लाकडाचेच दिलेत का नुसते? साल घासेल. त्याला सांग, मध्ये जुना मोजा बांध म्हणावं."

"सांगते," यांटिन म्हणाली.